प्यायलेलं पोट मोजत नाही

मंडळी, दवाखान्यात मी प्रत्येकाला विचारते, काल दिवसभरात काय काय खाल्लं? भाकऱ्या किती, भात किती, सगळं बरोब्बर सांगतात. चहा मात्र कुणी सांगत नाही. खोदून विचारलं की पाच कप निघतात, कपाला दोन चमचे साखर. चमच्याला 4 ग्रॅम धरले तरी दिवसाची 40 ग्रॅम साखर झाली, म्हणजे 160 कॅलरी, दूध वेगळंच. लोक लपवत नाहीत हो. त्यांच्या लेखी ते खाणंच नसतं. आणि शरीराच्या लेखीही बहुतेक वेळा ते खाणं नसतं, एवढंच मला आज सांगायचंय.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातला एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. माणसं फक्त 15. चार आठवडे त्यांना रोज 450 कॅलरी जेलीच्या गोळ्यांतून दिल्या आणि मध्ये खंड ठेवून आणखी चार आठवडे तेवढ्याच कॅलरी गोड सोड्यातून. गोळ्या खाल्ल्या तेव्हा कुणी न सांगता त्यांचं बाकीचं खाणं तेवढं कमी झालं. सोडा प्यायले तेव्हा जेवणातला एक घासही कमी झाला नाही. वजन वाढलं ते सोड्याच्याच आठवड्यांत. पंधरा माणसं म्हणजे थोडीच, मला मान्य आहे. पण पुढे नेदरलँड्समध्ये 641 मुलांना दीड वर्ष रोज 250 मिलिलिटर पेय दिलं, निम्म्यांना साखरेचं, निम्म्यांना बिनसाखरेचं. कुणाला कोणतं मिळतंय हे मुलांनाही ठाऊक नव्हतं. साखरेचं पिणाऱ्यांचं वजन सरासरी एक किलोने जास्त वाढलं.

"पण डॉक्टर, फळांचा रस तर चांगला ना?" हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. इंग्लंडमध्ये 1977 साली दहा जणांना सफरचंद तीन तऱ्हांनी दिलं. अख्खं खायला 17 मिनिटं लागली, लगदा 6 मिनिटांत संपला आणि रस दीड मिनिटात. पोट भरल्यासारखं सर्वांत जास्त वाटलं अख्ख्या फळाने, सर्वांत कमी रसाने. चावणं, जिभेवर घोळवणं, या वेळात शरीराला अन्न आल्याची वर्दी मिळते. रस ती वर्दी पोचायच्या आत खाली उतरतो. रसवंतीवरचा उसाचा पेलाही तसाच, दोन मिनिटांत रिकामा.

मग सूपने पोट कसं भरतं? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पर्ड्यूच्याच संशोधकांनी नंतर लोकांना एक पेय देताना भासवलं, की हे पोटात गेल्यावर घट्ट होईल. तसं मानणाऱ्यांना भूक कमी लागली आणि नंतर ते कमी जेवले. पेय पातळच होतं! म्हणजे आपण त्याला अन्न समजतो की नाही, यावरही भूक हलते. आपल्याकडे सकाळी वाटीभर आंबील घेणारा माणूस "न्याहारी झाली" म्हणतो. चहा पिणारा म्हणतो, "अजून काही खाल्लं नाही."

म्हणून माझ्या रुग्णांच्या वहीत पहिला रकाना आता पेयांचा असतो. भाकरी त्यानंतर.