स्वयंपाकघर नसलेलं गाव

नमस्कार श्रोतेहो.

घर पाहायला गेलं की आपल्याकडची माणसं आधी ओटा बघतात. गॅस कुठे, मोरी कुठे, फडताळ किती. आज ज्या गावाबद्दल बोलणार आहे, तिथल्या घरांत ओटाच नव्हता. चूल नाही, मोरी नाही, स्वयंपाकघर म्हणून एक कोपराही नाही. आणि ही घरं गरिबांची नव्हती बरं का! चांगली विटांची, दगडांची, दुमजली, भिंतींवर द्राक्षांचे वेल चढवलेली.

हे गाव अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं. नाव अमाना. खरं तर ती सात छोटी गावं, एकमेकांपासून थोड्याथोड्या अंतरावर वसलेली. तिथल्या लोकांना पुष्कळजण आमिश, म्हणजे आधुनिक यंत्रांपासून दूर राहणारा अमेरिकेतला ख्रिस्ती पंथ, समजतात, पण त्यांचा आमिशांशी संबंध नाही. हे वेगळेच जर्मन.

गोष्ट सुरू होते १७१४ साली, जर्मनीतल्या हेस प्रांतात. एबरहार्ड ग्रुबर आणि योहान रॉक या दोघांचं म्हणणं असं, की देव पूर्वी प्रेषितांशी बोलला तसा आजही बोलतो. ज्यांच्या तोंडून बोलतो, त्यांना हे लोक म्हणत ‘वेर्कत्सॉइग’. या जर्मन शब्दाचा साधा अर्थ अवजार. संत नाही, गुरू नाही, अवजार. मला हा शब्द फार आवडतो. अंगात संचार झालेला माणूस जे बोले, ते लेखनिक उतरवून घेत. ही माणसं लष्करात जायला नकार देत, शपथ घेत नसत, मुलांना सरकारी शाळेत घालत नसत. साहजिकच सरकारची वक्रदृष्टी झाली.

एकोणिसाव्या शतकात त्यांना दोन मोठी अवजारं लाभली. एक ख्रिस्तियान मेत्स, धंद्यानं सुतार. दुसरी बार्बारा हाइनेमान, एक अशिक्षित मोलकरीण. बार्बारानं लग्न केलं आणि तिची वाणी थांबली, ती पुन्हा सुरू व्हायला पंचवीसेक वर्षं गेली. लग्न या पंथात निषिद्ध नव्हतं. पण लग्न केलं की देवळातली आपली पायरी उतरायची, एवढं प्रत्येकाला ठाऊक असे.

मेत्सच्या पुढाकारानं १८४३च्या सुमारास ही मंडळी समुद्र ओलांडून न्यूयॉर्क राज्यात, बफेलोजवळ आली. तिथेच सगळं सामायिक करायचं ठरलं. जमीन, जनावरं, गिरण्या, सगळं पंथाचं. पण बफेलो शहर वाढत वाढत दाराशी आलं. तेव्हा पुन्हा बाडबिस्तरा आवरून १८५५ साली पश्चिमेला, आयोवा नदीकाठी. अमाना हे नाव बायबलमधल्या एका डोंगराचं. जमीन वाढत वाढत सव्वीस हजार एकर झाली. सातवं गाव, होमस्टेड, तर १८६१ साली चक्क विकत घेतलं, कारण तिथे आगगाडी येत होती. देवभोळे असले तरी व्यवहाराला पक्के!

आता त्या स्वयंपाकाकडे येऊ. सातही गावांत मिळून पन्नासाहून जास्त सामायिक स्वयंपाकघरं होती. एकेका ठिकाणी तीस-चाळीस माणसांची पंगत. बायकांचं टेबल वेगळं, पुरुषांचं वेगळं. जेवताना बोलायचं नाही. खाली मान घालून पंधरा-वीस मिनिटांत उठायचं. पण दिवसातून तीन जेवणं आणि मध्ये दोन न्याहाऱ्या! शाळा संपली की मुली चौदाव्या वर्षी स्वयंपाकघरात दाखल होत. प्रत्येक स्वयंपाकघरावर एक मुख्य बाई, ‘क्युखेबास’. तिच्या हाताखाली भाजीची मोठी बाग, कोंबड्या, लोणच्यांची पिंपं. पंथाचे वडीलधारे प्रवचनं देत, पण कुणाच्या पोटात काय जायचं ते या बाया ठरवत. माझ्या मते गावची खरी सत्ता तिथे होती.

हे सगळं मोडलं ते कसं? इतिहासात कारणं नीट दिलेली आहेत. मेत्स १८६७ साली गेला, बार्बारा १८८३ साली, आणि त्यानंतर नवं अवजार झालंच नाही. १९२३ साली मोठी आग लागली. पिठाची गिरणी जळून खाक, लोकरीच्या गिरणीचं जबर नुकसान, आणि विमा नव्हता. मग मंदी आली.

पण मला यातलं एक बारीकसं कारण जास्त पटतं. विसाव्या शतकात पुष्कळ कुटुंबं पंगतीला बसेनाशी झाली. सामायिक स्वयंपाकघरातून टोपलीत जेवण घेऊन घरी जायचं आणि आपल्या चार माणसांत, दार लावून, बोलत बोलत खायचं. अन्न तेच, शिजवणारे हात तेच. पंगत मात्र उठली होती.

१९३२ साली गावानं मतदान करून सामायिक जीवन संपवलं. देऊळ वेगळं केलं आणि धंदा वेगळा. धंद्याची जॉइंट स्टॉक कंपनी केली, आणि ज्यानं जितकी वर्षं कष्ट केले त्या हिशेबानं शेअर वाटले. तिथले लोक याला ‘मोठा बदल’ म्हणतात. स्वयंपाकघरं बंद झाली आणि घरोघरी चूल कुठे मांडायची हा प्रश्न पडला. ज्या घरांत स्वयंपाकाची सोयच नव्हती, तिथे आता तिच्यासाठी जागा काढावी लागली.

दोनच वर्षांनी, १९३४ साली, जॉर्ज फर्स्टनर नावाच्या तिथल्याच तरुणानं पेयं थंड ठेवणारं एक कपाट बनवलं. दारूबंदी नुकतीच उठली होती, मागणी होतीच. त्या कपाटातून कारखाना उभा राहिला. १९४७ साली त्यानं घरात उभा ठेवायचा फ्रीझर काढला. १९६७ साली ओट्यावर मावेल असा मायक्रोवेव्ह, ‘रेडारेंज’, किंमत ४९५ डॉलर. अमेरिकेतल्या लाखो स्वयंपाकघरांत अमाना हे नाव पोचलं, ते देवामुळे नव्हे, फ्रीजच्या दारावरच्या अक्षरांमुळे.

हा कारखाना आहे मिडल अमाना गावात. त्याच गावात एक जुनं सामायिक स्वयंपाकघर १९३२ साली होतं तसं जपून ठेवलंय. विटांची लांब चूल आहे, मोठाली पातेली आहेत, जेवणाची लांब टेबलं आहेत. पाहायला येणारी माणसं तिथे मोठ्यानं गप्पा मारत फिरतात.

नमस्कार.