सी ड्राइव्ह लाल झालाय? शिफ्ट-डिलीट दाबायच्या आधी हे बघा

[समोर कॅमेरा. टेबलावर उघडा लॅपटॉप, शेजारी बाहेरची हार्ड डिस्क.]

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आपल्या दुकानातनं बोलतोय. मागनं गाड्यांचे हॉर्न येतील, त्याला इलाज नाही. शटर ओढलं की आत भट्टी होते.

हा लॅपटॉप बघा. एका फोटोग्राफर पोराचा आहे, त्याला विचारूनच व्हिडिओ करतोय. काल संध्याकाळी आला आणि म्हणाला, "दादा, सी ड्राइव्ह लाल झालाय, प्रीमियर उघडंना. काय असंल ते उडवा, परवा पार्टीला व्हिडिओ द्यायचाय." लाल म्हणजे जागा संपत आली, आणि प्रीमियर म्हणजे त्याचं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर.

काय असंल ते उडवा. हे वाक्य मी आठवड्यातनं दोनदा तरी ऐकतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो. कारण एकदा मी खरंच उडवलं होतं.

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाचा कॉम्प्युटर आला. डिस्क भरलेली, मशीन रांगतंय. मी लागलो साफसफाईला. एका ड्राइव्हवर "न्यू फोल्डर" नावाच्या फोल्डरात आणखी एक फोल्डर, आणि त्याचं नाव नुसतं १००००. आत बघितलं तर चित्रविचित्र नावाच्या फाइल्स, डबल क्लिक केलं तर एकही उघडत नाही. म्हटलं कचरा आहे. शिफ्ट दाबलं, डिलीट दाबलं, वर एंटर. रिसायकल बिनमध्येसुद्धा ठेवलं नाही. लई हुशार ना मी!

तो टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा होता. टॅली ईआरपी ९ कंपनीच्या नावानं फोल्डर करायचं नाही, पाच आकडी नंबर टाकायचं. १०००० म्हणजे पहिली कंपनी. आताचं टॅलीप्राइम सहा आकडी टाकतं, एवढाच फरक. दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी टॅली उघडलं तर कंपनीच गायब. दिवाळी पाडव्याचे मुहूर्ताचे सौदे तोंडावर आलेले. रात्रभर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं, बरंचसं परत आलं, दोन महिन्यांचं नाही आलं. मग मी आणि दिवाणजी, चार दिवस, बिलाच्या फाइली मांडीवर घेऊन एकेक एंट्री. ते वाचायचे, मी टाइप करायचो. मालक एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आणि एक लक्षात घ्या, तेव्हा साधी फिरती हार्ड डिस्क होती म्हणून एवढं तरी मिळालं. त्या डिस्कवर डिलीट केलं की विंडोज फक्त यादीतलं नाव खोडतं, माल तिथंच पडून असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आताच्या लॅपटॉपात एसएसडी असते, म्हणजे फिरती चकती नसलेली, चिपवाली डिस्क. तिथं ट्रिम नावाचा प्रकार आहे. फाइल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला कळवतं, ही जागा मोकळी झाली, आणि एसएसडी आपल्या सवडीनं ती खरोखर पुसून टाकते. मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा, हाताला बहुतेक काही लागत नाही. म्हणून माझ्या दुकानात आता एकच नियम आहे: ज्याची वस्तू, त्याच्याच हातानं काढायची. विंडोजचा कचरा विंडोजला काढायला लावायचा, प्रीमियरचा प्रीमियरला. तुमचे फोटो तुम्ही. आणि जी वस्तू कुणाची आहे तेच कळत नाही, तिला हात लावायचा नाही.

चला, स्क्रीनवर या.

[स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू.]

धिस पीसी उघडतो. सी ड्राइव्ह, एकूण २३८ जीबी, मोकळी १.४. आता पहिली शंका, जी मला रोज विचारतात: "लॅपटॉप घेताना २५६ सांगितले होते, १८ जीबी कुणी खाल्ले?" कुणी नाही. डिस्क बनवणारे जीबी मोजतात १०० कोटी बाइटचा, आणि विंडोज मोजतं १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७ कोटींच्या वर. मापच वेगळं. त्याच हिशोबानं ५०० ची डिस्क ४६५ दिसते आणि एक टीबीची ९३१. गुळाच्या वजनातली तूट नव्हे ही.

आता सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज. इथं विंडोज स्वतःच सांगतं कुणी किती जागा धरली आहे. घाई करू नका, ही यादी भरायला मिनिटभर लागतं. टेम्पररी फाइल्स वर क्लिक करतो. आली यादी. बघा, सगळ्यात वर, प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन, १८ जीबी. हे काय? या पोरानं मागच्या आठवड्यात विंडोज १० चं ११ केलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून लई जण हेच करतायत. अपग्रेड झालं की जुनं विंडोज विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरात तसंच राहतं, कारण पटलं नाही तर दहा दिवसांत माघारी जाता यावं. दहा दिवसांनंतर विंडोज ते आपोआप काढतं. म्हणजे तुम्हाला घाई नसेल तर काही करायचीच गरज नाही. याला घाई आहे. मी त्याला फोन केला, "माघारी जायचंय का रे १० वर?" म्हणाला, "नाही दादा, सगळं चालतंय." तर टिक. पण इथूनच, बरं का. तो फोल्डर शोधून हातानं डिलीट करत बसाल तर परवानगी नाही, परवानगी नाही म्हणून डोकं खाईल.

खाली टेम्पररी फाइल्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, थंबनेल्स. बिनधास्त टिक करा. थंबनेल, म्हणजे फोटोंची छोटी चित्रं, परत तयार होतात, फक्त फोटोंचा फोल्डर पहिल्यांदा उघडताना जरा वेळ लागेल. सगळं मिळून चार जीबी.

आणि ही ओळ. डाउनलोड्स. इथं थांबा. ही टेम्पररी फाइल्सच्या यादीत आहे म्हणून तिला टेम्पररी समजू नका. तुमचा सातबारा तिथंच आहे. आधार कार्डाची पीडीएफ तिथंच, एक नाही, पाच, मागं कंसात एक, दोन, तीन लावून. पोरीचं हॉल तिकीटही तिथंच. "सिलेक्ट ऑल" म्हणून सगळ्याला टिक करणारे आहेत, आणि नंतर माझ्याकडे येणारेही तेच आहेत. डाउनलोड्स फोल्डर वेगळा उघडायचा, व्ह्यू मध्ये डिटेल्स करायचं, साइजवर क्लिक करायचं. मोठ्या फाइल्स वर येतात. वरच्या दहा-पंधरा बघितल्या तरी पुष्कळ जागा सुटते. खालचे हजार छोटे तुकडे साफ करून हाताला काही लागत नाही, नुसता रविवार जातो.

रिसायकल बिन. सहा जीबी. लोक म्हणतात, डिलीट केलं पण जागा वाढंना. वाढणार कशी? बिन त्याच ड्राइव्हवर आहे. घरातला कचरा घरातल्याच डब्यात टाकलाय, घंटागाडीत नाही. मग इथं टिक करून टाकू का? नाही, आधी उघडून बघतो. कायम उघडून बघतो. आणि हे बघा काय निघालं.

[बिन उघडी. एका फोल्डरवर कर्सर.]

"इचलकरंजी हळद". साडेपाच जीबी. मी परत फोन लावला. पलीकडं दोन सेकंद आवाजच नाही. मग म्हणाला, "दादा, तो फोल्डर मी चार दिवस झालं शोधतोय. कार्ड पण फॉरमॅट केलंय." राइट क्लिक, रिस्टोअर. गेला जागेवर. आपली जागा ना वाढली ना कमी झाली, कारण बिनमध्ये असतानाही तो तेवढीच जागा धरून होता. पोरगं संध्याकाळी पेढे घेऊन येतो म्हणालंय. आता पेन ड्राइव्हवरनं हाच फोल्डर उडवला असता तर? पेन ड्राइव्हला बिन नसते. तिथं साधं डिलीटसुद्धा शिफ्ट-डिलीटच आहे, ध्यानात ठेवा.

आता खरा चोर. मी विझट्री नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर वापरतो. ते आपणहून काही डिलीट करत नाही, नुसतं दाखवतं कुठल्या फोल्डरात किती माल आहे. विनडिरस्टॅट पण चालेल, जरा हळू आहे. हे उघडलं आणि बघा, यूझर्स, अ‍ॅपडेटा, रोमिंग, अडोबी, कॉमन, मीडिया कॅश फाइल्स. एकतीस जीबी! पन्हाळ्यावरचं प्री-वेडिंग, ड्रोनचं फोर-के शूटिंग, जे जे प्रीमियरमध्ये टाकलं त्याच्यासाठी लागणाऱ्या कामचलाऊ फाइल्स प्रीमियरनं इथं करून ठेवल्या. मूळ व्हिडिओ वेगळीकडं सुरक्षित आहेत. ही कॅश गेली तर प्रोजेक्ट उघडताना ती परत बनते, पहिल्यांदा वेळ लागतो एवढंच. पण तरी मी फोल्डर धरून डिलीट मारणार नाही. प्रीमियरमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, मीडिया कॅश, तिथं डिलीटचं बटन दिलंय. प्रीमियर उघडायलाच जागा नव्हती, म्हणून आधी विंडोजचं काम उरकलं.

फ्लेक्सवाल्या मित्रांनो, तुमच्याकडं हीच कथा कोरलड्रॉची. "बॅकअप ऑफ" नावानं प्रत्येक डिझाइनची जुळी फाइल. वाढदिवसाचे सगळे फ्लेक्स दोनदोनदा. मागच्या वर्षीच्या जुळ्या काढा, पण चालू कामाच्या ठेवा. मूळ फाइल बिघडली की तीच कामाला येते.

आता हात लावायचा नाही ती नावं. पेजफाइल डॉट सिस: रॅम कमी पडली की विंडोज तिथं लिहितं. विन-एस-एक्स-एस: हा फोल्डर आठ-दहा जीबी दाखवतो आणि लोक त्याच्यावर तुटून पडतात. त्यातल्या बऱ्याच फाइल्स विंडोजच्या दुसऱ्या फोल्डरातही तुम्हाला दिसतात, पण त्या दोन नाहीत, एकच आहेत. घर एक, दारं दोन. दोन्ही दारांतनं मोजत गेलात तर दोन घरं भरतील. तो हातानं उडवलात तर मशीन घेऊन माझ्याकडं यावं लागेल, आणि मी पैसे घेईन.

हायबरफिल डॉट सिस मात्र वादाची आहे. हायबरनेटसाठी, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करण्यासाठी ठेवलेली फाइल, साधारण रॅमच्या ४० टक्के. या लॅपटॉपला १६ जीबी रॅम, म्हणजे सहा जीबी चारशे. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. गेली. पण हायबरनेट जातं आणि फास्ट स्टार्टअपपण जातं. घरातल्या डेस्कटॉपवर मी करून टाकतो. याच्यावर करणार नाही, पोरगं कार्यालयात बॅटरीवर काम करतं.

आणि ते "तुमच्या पीसीत बाराशे चुका सापडल्या" म्हणणारे क्लीनर टाकू नका. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करून जागा सुटत नाही, ती नखाएवढी असते. २०१७ साली सीसीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत हॅकर्सनी व्हायरस घुसवला होता, आणि तो अधिकृत डाउनलोडमधूनच लोकांच्या मशीनमध्ये गेला. नावाजलेल्याची ही तऱ्हा.

[परत कॅमेऱ्यावर. हातात बाहेरची हार्ड डिस्क.]

राहिले लग्नांचे मूळ व्हिडिओ. ते या डिस्कवर न्यायचे. कट-पेस्ट नाही, कॉपी. कॉपी झाली की दोन्हीकडं राइट क्लिक, प्रॉपर्टीज, फाइल्सचा आकडा आणि बाइट जुळतात का बघायचं. मग मधल्याच दोन-चार फाइल्स उघडून चालवून बघायच्या. त्यानंतर लॅपटॉपवरनं काढायच्या. आणि एवढं केलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही. माल एका डब्यातनं दुसऱ्या डब्यात गेला, आहे एकच. पार्टीनं पैसे दिले नसतील तोवर दोन डिस्क ठेवा, आणि दोन्ही एकाच कपाटात नकोत. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरानंतर या टेबलावर पंचगंगेच्या गाळानं भरलेल्या डिस्क आल्या होत्या. बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरच्याच ड्रॉवरमध्ये, तळमजल्यावर. एक माळ्यावर टाका, नाहीतर पाहुण्याकडं.

वनड्राइव्हवाल्यांनो, एक मिनिट. त्या फोल्डरात डिलीट केलं की वरनंसुद्धा, म्हणजे इंटरनेटवरची कॉपीसुद्धा जाते. फाइलवर राइट क्लिक करून "फ्री अप स्पेस" म्हणायचं, म्हणजे लॅपटॉपवरची कॉपी जाते, वर राहते.

तर याचं काय झालं? विंडोजचे अठरा, टेम्पररीचे चार, प्रीमियरचे एकतीस. १.४ वरनं ५४ च्या पुढं. लग्नाचा एकही व्हिडिओ मी अजून हलवलेला नाही. ते काम त्याचं, त्याच्या डिस्कवर, त्याच्या हातानं. बिनमध्ये अजून अर्धा जीबी आहे, तीपण रिकामी केलेली नाही. पेढे घेऊन येईल तेव्हा समोर बसवून उघडायला लावणार आहे.