एक कोयता म्हणजे किती माणसं?

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त शिक्षिकेनं केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'जनगणना 2027 : काय बदलणार?' तिथपर्यंत आपण जाणार आहोत. पण त्या वाटेवर उसाचा फड आहे, आणि तो ओलांडल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 33 वर्षं शिकवलं. त्यात तीन जनगणना केल्या, 1991, 2001 आणि 2011. आदेश शाळेत येतो. त्यावर नाव असतं, प्रगणन गटाचा, म्हणजे आपल्याला मोजायला दिलेल्या भागाचा, क्रमांक असतो, आणि नाही म्हणायची सोय नसते. शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नये असं शिक्षण हक्काचा कायदा म्हणतो, पण त्याच कलमात निवडणूक, आपत्ती आणि दशवार्षिक जनगणना यांना मोकळीक दिली आहे. मला त्याची तक्रार नाही. गावातलं दार न् दार शिक्षकालाच उघडतं. सकाळी शाळा करायची, दुपारपासून पिशवी खांद्याला लावून फिरायचं. त्या वीस दिवसांपुरते आपण 1948 च्या जनगणना कायद्याखालचे अधिकारी. हे हंगामी पद मला फार मोठं वाटायचं, आजही वाटतं.

आता हात वर करा बघू. 2011 ला ज्यांच्या दारात प्रगणक आला होता ते? बरेच आहेत. आणि त्याला ज्यांनी चहा दिला त्यांनी हात वरच ठेवा. वा! चहा महत्त्वाचा आहे बरं का. चहा होईपर्यंत माणूस बसतो, आणि बसलेल्या माणसालाच दुसरा प्रश्न विचारता येतो.

हा 'दुसरा प्रश्न' म्हणजेच मला आज जे सांगायचंय ते. पहिला प्रश्न सरकारचा असतो, अर्जावर छापलेला. 2011 च्या अर्जात असे 29 होते. त्याला लोक पटकन जे सांगतात ते उत्तर बरेचदा खरं नसतं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, पटकन सुचतं म्हणून. खरं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला येतं, आणि तो कुठंही छापलेला नसतो. तो प्रगणकानं आपल्या जिवावर विचारायचा असतो.

वयाचंच घ्या. आपल्याकडे निम्मी माणसं चाळीस, पंचेचाळीस, पन्नास अशीच असतात, मधलं वय कुणाला नसतंच. म्हणून आम्ही घटना विचारायचो. बाहत्तरचा दुष्काळ, कोयनेचा भूकंप, गांधींचा खून. एका घरात थोरल्यानं स्वतःचं वय सांगितलं पस्तीस. आतून त्याची आई म्हणाली, "कोयनेचा धक्का बसला तवा ह्यो अंगावर पीत हुता." कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. मी 43 लिहिलं. त्याचं लग्न जमवायचं चाललं होतं, आणि बिचाऱ्याचा चेहरा पडला. मी त्याला सांगितलं, "बाळा, हा अर्ज कुणाला बघायला मिळत नाही. कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही, कायद्याचं पंधरावं कलम आहे." तेव्हा कुठं तो हसला. पुढं त्याचं लग्न झालं. गावाचं नाव मी अजूनही सांगणार नाही.

आणि चूल! जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. दोन भावांच्या एका घरात मी विचारलं, चूल एक की दोन? सासरे म्हणाले एक. आतून धाकटी सून म्हणाली, "दोन लिहा बाई." त्या घराची वाटणी माझ्या समोर झाली. मी अर्धा तास बसून राहिले. शेवटी सासऱ्यांनीच सांगितलं, लिहा दोन.

आता फडाकडं येते.

फेब्रुवारी 2011. माझ्या गटात गावठाणाचा एक तुकडा होता आणि त्याच्या मागचं ओढ्यापर्यंतचं शिवार. घरयादी आणि नजरी नकाशा, म्हणजे मोजमाप न करता नजरेनं काढलेला नकाशा, आदल्या उन्हाळ्यात, 2010 च्या मे महिन्यात झालेला. तोही मीच काढलेला. त्यात ओढ्याकडेला मी एक विहीर आणि एक चिंच दाखवली होती. बाकी मोकळं रान. मे महिन्यात ते मोकळंच असतं. फेब्रुवारीत मी तिथं गेले तर चिंचेखाली कोप्यांची रांग. बांबू, पाचट, वरून प्लास्टिकचा कागद. मराठवाड्यातून आलेली ऊसतोडीची टोळी. तुम्ही सगळे उसाच्या पट्ट्यातले, तुम्हाला कोपी काय ते सांगायला नको. पण त्या कोपीतली माणसं जनगणनेत कुठं मोजतात, हे या सभागृहात किती जणांना माहीत आहे?

मुकादम भेटला. मी विचारलं, "किती माणसं आहात?" तो म्हणाला, "चौदा कोयते." मी वहीत 14 लिहिलं. आणि मग दुसरा प्रश्न आला तोंडात, "एक कोयता म्हणजे किती माणसं?"

"जोडी हो बाई. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा."

उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. दोन माणसं मिळून एक आकडा, आणि तो आकडा नवऱ्याच्या नावावर. मुलं तर कुठल्याच हिशेबात नाहीत. त्या चौदा कोयत्यांची मी नंतर मोजणी केली तेव्हा 47 माणसं निघाली. 28 तोडणारी, 16 लेकरं, आणि लेकरं सांभाळायला आणलेल्या तीन म्हाताऱ्या.

मी वर विचारलं. कुठल्या कार्यालयात, कुणाला, ते सोडून देऊ. उत्तर मिळालं, "ते त्यांच्या गावी मोजले जातील. तुमच्या घरयादीत नाहीत, सोडून द्या." ज्यांनी सांगितलं ती माणसं वाईट नव्हती. घरयादीत 131 घरं आणि आता 145, हा ताळा जुळवायचा कसा, एवढीच त्यांची काळजी.

पण नियम काय आहे ते नीट ऐका, कारण सगळं यातच अडकलंय. मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी. या वीस दिवसांत माणूस कधीही आपल्या घरी राहिला असेल तर तो तिथं मोजायचा. पण वीसही दिवस घरी नसेल, तर तिथल्या प्रगणकानं त्याला सोडायचं, आणि जिथं तो सापडेल तिथल्यानं धरायचं. ऊसतोडवाला दिवाळीच्या सुमाराला घर सोडतो आणि मार्च-एप्रिलात परततो. म्हणजे त्याच्या गावचा प्रगणक त्याला नियमानं सोडणार. आणि आमच्याकडचा 'त्यांच्या गावी मोजतील' म्हणून सोडणार. दोघंही निर्धास्त, आणि माणूस कुठंच नाही! शिवाराचा एकही तुकडा असा नसतो की जो कुठल्याच गटात नाही. ती चिंच माझ्या गटात होती, म्हणजे तिच्याखालची कोपीही माझ्या गटात.

मी सूचनांचं पुस्तक घेऊन गेले, त्या पानावर बोट ठेवलं, जास्तीचे अर्ज मागून आणले, आणि शेवटच्या घराला पोटक्रमांक देत चौदा कोप्या धरल्या. नंतर शेजारच्या गटांतल्या माझ्याच सहकाऱ्यांना विचारलं, तुमच्याकडच्या टोळ्यांचं काय केलंत? दोघांनी सांगितलं, सोडल्या. मंडळी, मला त्या गोष्टीचा आजही संताप येतो. माझ्या मित्रांचाच येतो, कारण त्यांना घरदार माहीत होतं, चहा माहीत होता, आणि चारशे पावलांवरचा फड दिसला नाही.

टोळी पहाटे चारच्या आधी फडात जाते. म्हणून मी रात्री आठला जायची. आमचे हे मोटारसायकलवर, माझ्या हातात बॅटरी. आकडे ठरावीक वळणाचे काढायचे, चौकटीबाहेर जायचं नाही, खाडाखोड चालत नाही, कारण अर्ज यंत्र वाचणार. हे सगळं वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, भाऱ्यावर बसून, चुलीच्या उजेडात.

"मातृभाषा?" मुकादमानं सगळ्यांची एकदम सांगून टाकली, मराठी. पण मागं एक पोरगं आजीशी वेगळंच बोलत होतं. मी विचारलं, घरात काय बोलता? "गोरमाटी." म्हणजे बंजाऱ्यांची बोली. मी तेच लिहिलं. लमाणी, बंजारी या नोंदी पुढं तक्त्यांत हिंदीच्या गटात घालतात, त्याबद्दल माझं वेगळं भांडण आहे, ते पुढच्या वर्षी बोलावलंत तर मांडेन.

"बायको काय काम करते?" "ती असती माझ्यासंगं." छापील प्रश्नाला हे उत्तर घेतलं की बाई घरकामात गेली. 1991 च्या अर्जात पहिल्यांदा प्रश्नातच लिहिलं होतं की शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही काम धरा. तेव्हापासून मला ती सवय लागली. मी विचारलं, मोळी कोण बांधतं? ट्रॅक्टरपर्यंत डोक्यावरून कोण नेतं? "तीच की." मग ती शेतमजूर. नवरा ज्या रकान्यात, त्याच रकान्यात ती. चौदाच्या चौदा जणी मी तशा लिहिल्या.

आणि एक प्रश्न असा आहे की तो विचारताना माझा आवाज अजून बारीक होतो. लग्न झालेल्या बाईला विचारायचं, मुलं एकूण किती झाली आणि आज किती आहेत. सगळ्यांसमोर मी एका बाईला तो विचारला. तिनं दोन्हीला 'तीन' सांगितलं, मी लिहिलं. परत निघाले तर ओढ्यापर्यंत ती मागं आली. म्हणाली, "बाई, ते खोडा. पाच झाली व्हती. तीन हायेत." एवढं बोलून ती वळली. खाडाखोड चालत नाही, म्हणून घरी येऊन मी तो अख्खा अर्ज नव्यानं लिहिला. त्यानंतर तो प्रश्न मी कधीही चारचौघांत विचारला नाही. बाईला बाजूला घेऊन विचारायची.

चिठ्ठी आली अध्यक्षांची. दहा मिनिटं. बरं, आता 2027.

2021 ची जनगणना कोरोनामुळं राहिली. जून 2025 मध्ये अधिसूचना निघाली. संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो दिवस, 1 मार्च 2027, फक्त लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी 1 ऑक्टोबर 2026. पहिला टप्पा घरयादीचा, 2026 च्या एप्रिल ते सप्टेंबरात. दुसरा माणसांचा, फेब्रुवारी 2027 मध्ये. सुमारे 34 लाख प्रगणक आणि पर्यवेक्षक लागणार. कागद जाऊन मोबाइल येणार, आणि लोकांना स्वतःच माहिती भरायची सोय मिळणार. मोबाइलला माझा विरोध नाही. खाडाखोडीचा धाक गेला, बेरजा आपोआप होतील, फार चांगलं. पण स्वतः भरणाऱ्याला दुसरा प्रश्न कोण विचारणार? नवरा मोबाइल हातात घेईल, बायकोपुढं 'काम नाही' टाकेल, आणि ते तसंच दिल्लीला जाईल. म्हणून ज्या घरांनी स्वतः भरलंय, तिथंही प्रगणकानं बसून बायकांच्या कामाचं एकदा विचारावं असं माझं म्हणणं आहे.

जात. 1931 नंतर पहिल्यांदा सगळ्यांची जात नोंदवली जाणार. आतापर्यंत आम्ही फक्त अनुसूचित जाती-जमातींची लिहायचो. एकाच जातीला चार तालुक्यांत चार नावं, त्यात आडनाव कुठलं आणि पोटजात कुठली हेही कळायला हवं. इथंही पहिलं उत्तर घाईचं असेल. प्रशिक्षणाचे दिवस वाढवले पाहिजेत, यावर मला अर्धा तास बोलायचं होतं, ते राहिलं.

आणि हे फक्त आकड्यांसाठी नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात देशभरात 81.35 कोटी माणसं धरली, ती 2011 च्या लोकसंख्येवर. जे तेव्हा मोजले गेले नाहीत, त्यांच्या वाट्याचं धान्य इतकी वर्षं हिशेबात कमीच धरलंय.

दुसरी चिठ्ठी. संपवते. मागं जे तरुण शिक्षक बसलेत, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना यंदा आदेश येईल. घरयादी उन्हाळ्यात कराल तेव्हा नकाशात मोकळं रान दिसलं, तर तिथल्या शेतकऱ्याला विचारा, हंगामात इथं टोळी उतरते का? उतरत असेल तर तेव्हाच पर्यवेक्षकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. फेब्रुवारीत रात्री आठनंतर जा, बॅटरी न्या, मोबाइल पूर्ण चार्ज करून न्या, कोपीत वीज नसते. मुकादमाकडून आकडा घेऊ नका, प्रत्येक कोपीच्या तोंडाशी बसा. झोळीत झोपलेल्या पोराचंही विचारा. बारसं झालेलं नसलं तरी त्याची ओळ भरायची, वय शून्य.