किल्ल्यातली ती जुनी कबर

श्रोतेहो, नमस्कार.

नगरचा भुईकोट किल्ला पाहायला जाणारा माणूस पंडित नेहरूंच्या कोठडीपाशी थांबतोच. मला आज बोलायचंय ते तिथल्याच एका दुसऱ्या कैद्याबद्दल, मौलाना अबुल कलाम आझादांबद्दल. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत त्यांना पकडलं, तेव्हा ते काँग्रेसचे अध्यक्ष होते.

जन्म १८८८ चा, मक्केतला, वाढले कलकत्त्यात. शिक्षण सगळं घरीच, वडिलांच्या देखरेखीखाली. १९१२ मध्ये त्यांनी ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक काढलं. देशाच्या स्वातंत्र्यासाठी झटणं हे मुसलमानाचं धर्मकर्तव्यच आहे, असं ते त्यातून सांगत. १९२३ मध्ये दिल्लीला काँग्रेसचं विशेष अधिवेशन भरलं, त्याचे ते अध्यक्ष; वयाची पस्तिशीही उलटली नव्हती. तिथे ते म्हणाले, आकाशातून देवदूत उतरला आणि कुतुबमिनारावरून म्हणाला की हिंदू-मुस्लिम ऐक्य सोडा, चोवीस तासांत स्वराज्य देतो, तर मी ते स्वराज्य नाकारीन. स्वराज्य लांबलं तर नुकसान हिंदुस्थानचं. ऐक्य गेलं तर साऱ्या माणुसकीचं. फाळणीच्या धुमाळीतही ते या शब्दांपासून हलले नाहीत. अशी ठाम माणसं राजकारणात फार थोडी होऊन गेली, असं मला मनापासून वाटतं.

तो ठामपणा किती खोल होता, हे नगरच्या किल्ल्यात कळतं. १९४३ च्या सुरुवातीला कलकत्त्याहून बातमी आली, पत्नी झुलेखा बेगम अत्यवस्थ आहेत. सरकारला काही कळवायचं असेल तर सांगा, असं तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं. आझादांनी सवलत मागितली नाही. रोज दुपारी वर्तमानपत्र यायचं. पावलं वाजली की काळीज धडधडायचं. पण दाराकडे पाठ असल्याने आत येणाऱ्याला चेहरा दिसायचा नाही. माणूस समोर आला की हसून, पेपर टेबलावर ठेव, अशी खूण करायची आणि पुन्हा लिहायला लागायचं. हे त्यांनी स्वतःच पत्रात लिहून ठेवलंय.

९ एप्रिलला झुलेखा बेगम गेल्याची तार आली.

किल्ल्याच्या त्या आवारात एक जुनी कबर होती. कोणाची, ठाऊक नाही. येता-जाता शेकडो वेळा नजरेखालून गेलेली. पण त्या दिवसानंतर तिच्याकडे पाहिलं, की एक नवीच ओढ वाटू लागली, असं आझाद लिहितात.