माळवदाचं लाकूड, उजनीचं पाणी

(पहाट. पाण्यावर धुकं. एक होडी डावीकडून उजवीकडं. वल्ह्याचा आवाज येऊ द्यावा, मग निवेदन.)

ही उजनी. कागदावर यशवंतसागर, पण करमाळ्याकडं तसं कुणी म्हणत नाही. इथं नुसतं ‘धरण’. खरं तर धरणाची भिंत लांब तिकडं माढा तालुक्यात राहिली. आपण आहोत फुगवट्याच्या काठावर. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि मधल्या चिंचेआड तपकिरी काहीतरी दिसतंय ना, ते घर.

सोलापुरातून निघालात तर हायवेनं टेंभुर्णी गाठायचं आणि तिथून करमाळ्याचा रस्ता धरायचा. पुढं कुठं वळायचं ते सांगणार नाही. शूटिंगला परवानगी देताना मालकांनी घातलेली ती एकच अट.

मालकांचा सोलापुरात टॉवेलचा कारखाना. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य गेलं. इथं घर का बांधलं, असं विचारलं तर म्हणाले, “कानाला सुट्टी पायजे होती ओ.” पुढं काही बोललेच नाहीत. म्हणून ही गोष्ट आम्ही मालकांकडून न ऐकता लाकडाकडून ऐकली.

(कट. सोलापुरातली जुनी पेठ. वाड्याच्या छतावर माणसं, खोरी, उडणारी माती.)

हे घर जिथून आलं ती ही जागा. माळवदाचा वाडा. आता नव्या पोरांना माळवद म्हणजे काय हेही सांगावं लागतं, तर सांगतो. खाली दगडी तळखडा, त्यावर लाकडी खांब, खांबावर तुळई. तुळईवर आडवे सर, सरांवर फळ्या. गरिबाच्या घरात फळ्यांऐवजी किलचण, म्हणजे काटक्यांची दाट मांडणी. त्यावर लिंबाचा पाला, पाल्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर वर्षी पावसाआधी माळवदावर नवी पांढरी माती टाकायची, चोपायची. उन्हाळ्यात रात्री त्याच माळवदावर अंथरुणं पडायची. सोलापूरचं ऊन ज्यानं खाल्लंय त्याला ह्या छताची किंमत वेगळी सांगायला नको.

वाडा उतरवायचा तर क्रम उलटा. आधी माती. नुसती माती उतरवायलाच माणसांना दिवसच्या दिवस लागतात. मग पाला, त्याचा आता भुगा झालेला. मग फळ्या, मग सर, आणि शेवटी तुळई, दोरखंडानं, आठ-दहा जणांच्या खांद्यावर.

वाडा का पाडला? वारस झाले आठ, वाटण्या झाल्या आठ, आणि जागा घेणारा एकच. पुढं चला.

(कट. टेम्पोत रचलेले सर. प्रत्येकावर चुन्यानं आकडा.)

हे चुन्याचे आकडे सुतारमामांनी टाकलेत. मामा सत्तरीच्या पुढचे. वाडा उतरत होता तेव्हा रोज सकाळी येऊन कोपऱ्यात बसायचे आणि खाली येईल त्या प्रत्येक लाकडावर आकडा घालायचे. आम्हाला वाटलं, ही त्यांचीच युक्ती. मग त्यांनी एका खांबाचं डोकं पुसून दाखवलं. कॅमेरा जवळ नेलाय, बघा. पटाशीनं मारलेल्या दोन बारीक रेघा. तुळईच्या टोकालाही तशाच दोन. ज्यानं हा वाडा उभा केला त्या सुतारानं कुठल्या खांबावर कुठली तुळई बसायची याची खूण ठेवली होती. जोडणी झाल्यावर ती खूण आत दडली आणि वाडा उतरला तेव्हाच उजेडात आली. मामा बराच वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत होते. आम्ही तेवढा वेळ कॅमेरा बंद केला नाही.

(इथे वीस सेकंद निवेदन नको.)

अशा लाकडाचं एरवी काय होतं? चांगलं असेल ते सॉ मिलमध्ये चिरून चौकटींना जातं. नक्षी असेल तर मोठ्या शहरातल्या हॉटेलांच्या भिंतीवर. बाकीचं चुलीत. सोलापुरात वर्षाला किती वाडे उतरतात कुणी मोजत नाही. पण कुठल्याही जुन्या पेठेत अर्धा तास फिरा, कुठं ना कुठं मातीचा ढीग दिसेलच.

(कट. पाण्याकाठचं घर, बांधकाम चालू असताना. रंध्याचा आवाज.)

आता हातात आहे तो रंधा. वरून लाकूड काळं, धुरानं आणि तेलाच्या हातांनी चढलेलं. रंध्याचा पहिला हात फिरला की आत गुळाच्या ढेपेचा रंग निघतो. आणि वास! व्हिडिओत येत नाही, नाहीतर कळलं असतं. नव्या चपलांच्या दुकानात शिरावं तसा. सागाच्या अंगात स्वतःचं तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही आणि पाण्याच्या हवेतही ते टिकतं. मामांची पारख मात्र आवाजावर. बोटाच्या पेरानं टकटक करायचं. “खणखणलं तर ठेवा. भदभद वाजलं तर सोडून द्या.”

लाकडात खिळे निघतात ते हातघडाईचे, चौकोनी. मामा ते काढून डालड्याच्या जुन्या डब्यात टाकतात. नवे खिळे मात्र जवळपास नाहीतच. एका लाकडाचं टोक तासून बारीक करायचं, त्याला कुसू म्हणतात. दुसऱ्याला पटाशीनं तेवढंच भोक पाडायचं, कुसू आत बसवायचा आणि आडवी लाकडी खुंटी ठोकायची. पावसात लाकूड फुगलं की सांधा आणखी आवळतो. ह्या एका सांध्यावर मामांनी अख्खी दुपार घालवली. आम्हीही घालवली.

(आतून. हळू पॅन. खांब, छत, दार.)

तीन खणांचं घर. भिंती लाकडाच्या, जमीन लाकडाची, छत लाकडाचं. पलंग म्हणजे वाड्याचं दिंडीदार, चार पाय लावलेलं. कोयंडा अजून तसाच आहे, उशाकडच्या बाजूला, आणि पाहुण्यांच्या केसांत अडकतो. दाराच्या वर गणेशपट्टी. स्वयंपाकाच्या जागेवर साणं ठेवलंय, जुन्या घरात धूर जायला असायचं तसं. सकाळी नऊला त्यातून उन्हाची पट्टी थेट चुलीवर येते. फ्रिज आहे, दाखवला नाही.

माळवद मात्र करता आलं नाही. लाकडी भिंतींना एवढं मातीचं ओझं पेलवेना, आणि पांढरी टाकून चोपणारं माणूसही मिळेना. म्हणून वर मंगलोरी कौलं. मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही, असं मालकीणबाई म्हणाल्या. मे महिन्यात आम्ही आलो नव्हतो.

आणि एक चूक. ओट्याखाली घाईत बाजारातल्या नव्या फळ्या मारल्या. पहिल्याच पावसाळ्यात वाळवीनं त्या आतून पोखरल्या. शेजारच्या जुन्या सागाला तिनं तोंडही लावलं नाही. मामा काही बोलले नाहीत, नुसते हसले. तेवढं हसू आमच्याकडं आहे.

(बाहेर. ओसरी. पाणी पायऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर. रोहित पक्षी.)

हे नोव्हेंबरचं पाणी. धरण भरलेलं. थंडीत इथं रोहित येतात, चित्रबलाक येतात, आणि पाणकावळे वठलेल्या बाभळीवर पंख पसरून बसतात. सकाळी भोई होडीतून चिलापी आणून देतात. चिलापीचं कालवण, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी.

पण पाणी वर्षभर असं दारात नसतं. उजनीत एकूण ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे अगदी तळाचं पाणी. शंभर टक्के मोजतात ते त्याच्या वरचं. म्हणून आपल्याकडं धरण ‘वजा’त जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते जवळपास वजा ६० टक्क्यांवर गेलं होतं. तेव्हा ह्या ओसरीवरून दिसायचा भेगाळलेला गाळ, आणि त्यात जुन्या घरांची जोती. धरण झालं तेव्हा काठची गावं उठली. माणसांनी घरं उतरवली, दारं-तुळया बैलगाड्यांत घालून नव्या गावठाणात नेल्या. मामांचे वडील त्यातलेच. त्यांचं जुनं घर समोर, पाण्यात.

(होडी खुंटीला बांधलेली. वारा.)

दुपारनंतर वारं सुटलं की ही होडी सोडायची नाही, असा इथला नियम. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. आणि पाणी हिरवट दिसतंय ना, तो कॅमेऱ्याचा दोष नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी नद्यांतून खाली इथंच येतं. त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

(संध्याकाळ. ओसरीवर मामा. शेजारी डालड्याचा डबा.)

घर पुरं झालं तरी दोन सर उरलेत. मालक म्हणतात, त्याचा झोपाळा करू. मामा म्हणतात, नको, राहू द्या, उपयोगी येतील. शुक्रवार पेठेतला एक वाडा पुढच्या मंगळवारी उतरायचाय. त्यातल्या तुळया थोड्या आखूड आहेत, बघून आलेत ते.

टेम्पो सकाळी सातला येणार आहे. चुना भिजवून ठेवलाय.