भाताचं पान आणि चिखलातली गोळी

रत्नागिरीकडचं भाताचं खाचर, जुलै महिना. सकाळचे अकरा वाजलेत पण बघून वाटेल का? आभाळ इतकं भरलंय की कॅमेऱ्याला पण लाईट पुरेना, आणि भाताच्या पानाला याच उजेडात अन्न बनवायचंय. कोकणात पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे पाण्याला तोटा नाही, तोटा उन्हाचा.

आणि नत्राचा. हे खालचं जुनं पान जरा जवळून बघा, टोकाकडून पिवळं पडत आलंय. हरितद्रव्याच्या एका रेणूत नत्राचे 4 अणू असतात, कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम पण नत्राशिवाय बनत नाही, मग कमी पडलं की रोप जुन्या पानातलं काढून नव्याला देतं. युरिया वरून फेकला की थोडा हवेत उडतो, थोडा पुढच्या सरीबरोबर वहाळाला जातो (पैसे पण तिकडेच).

आता लावणी करणाऱ्या या दोघी बायका काय करतायत बघा. दोरीवर खुणा आहेत, 15 सेंटिमीटर, मग 25, परत 15, त्यामुळे 4 चुडांचा (एका जागी लावलेली रोपं म्हणजे चूड) एक छोटा चौकोन होतो. त्याच्या मधोमध ही युरिया आणि डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारं खत) यांची गोळी, ब्रिकेट म्हणतात तिला, 2.7 ग्रॅमची. बोटं पार आत जाईपर्यंत दाबायची, 7 ते 10 सेंटिमीटर. तिथे चिखलात हवा नाही, त्यामुळे नत्र अमोनियम म्हणून मातीला धरून राहतं, वाहून जात नाही, मुळं लागेल तसं उचलतात.

ही शास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंतांची भातलावणीची चारसूत्री पद्धत. गिरीपुष्पाचा पाला चिखलात तुडवतायत ते पण त्यातलंच. आणि रोपांच्या वाफ्यातली ही काळी राख? भाताच्या तुसाची, भरपूर सिलिका असलेली. सिलिका पानात बसते, पान ताठ उभं राहतं, लोळत नाही, म्हणून खालच्या पानांपर्यंत पण उजेड पोचतो. एवढ्या ढगाळ दिवसात तेवढा उजेड पण सोडून चालत नाही, पुढे दाणा भरायचा तो पानांच्याच जिवावर.

खत कमी लागतं, भात जास्त येतं. पण गोळ्या खोचायला माणसं लागतात आणि लावणीला मजूर मिळत नाहीत, त्यामुळे बरेच जण अजून युरिया फेकूनच मोकळे होतात.