मुदत संपलेली गोळी आणि पिकलिंगचा हौद

समोर फार्मसीवालेही बसलेत आणि गॅल्व्हनायझिंगवालेही, म्हणजे पोलादावर जस्त चढवणारे. आजचा दावा असा: मुदत संपलेली औषधं पिकलिंगच्या हौदात, म्हणजे पोलाद आम्लात बुडवून साफ करतात तिथे, गंज रोखायला वापरता येतात. कोण कुणाचं गिऱ्हाईक व्हायचं ते चहाच्या वेळी ठरेल. दोघांच्या ओळखीचं एक रसायन आहे, हेक्झामिन. पोलाद हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवताना ते इनहिबिटर म्हणून, म्हणजे आम्लाने लोखंड खाऊ नये म्हणून घालतात, आणि मिथेनामिन या नावाने तेच मूत्रमार्गाच्या संसर्गावर देतात. म्हणजे ही सोयरीक जुनी आहे. रेणूत नायट्रोजन, गंधक किंवा अरोमॅटिक वलय (बेंझिनसारखं अणूंचं कडं) असलं की तो पोलादाला धरून बसतो. आम्लात नायट्रोजन प्रोटॉन घेऊन धनभारित होतो, पोलादावर आधीच बसलेले क्लोराइड त्याला ओढून घेतात, आणि आम्लाला लोखंडापर्यंत पोहोचायला जागा कमी उरते.

औषध गंज रोखतं, यावर वाद नाही. माझी तक्रार चाचणीबद्दल आहे, आणि ती सविस्तरच सांगणार. गोळी कुटायची, आम्लात टाकायची, पोलादाची पट्टी बुडवायची आणि सगळं श्रेय औषधाला द्यायचं, असं चालतं. पण गोळीत स्टार्च असतो, लॅक्टोज असतं, मॅग्नेशियम स्टिअरेट असतं. स्टार्चसुद्धा पोलादाला चिकटतो! मग पट्टी वाचवली कुणी? त्यासाठी चार बीकर लावा: नुसतं आम्ल, आम्लात शुद्ध औषध, आम्लात पूर्ण गोळी, आम्लात नुसती भरणद्रव्यं, म्हणजे औषध सोडून गोळीतलं बाकीचं सगळं.

पट्टी २.५ × २ सेंटीमीटर, जाडी १ मिलिमीटर. एमरी पेपरवर घासा, अॅसिटोनने धुवा, वाळवा, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत तोला. दोन्ही बाजू आणि कडा मिळून सुमारे ११ चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला निदान २० मिलिलिटर द्रावण हवं, म्हणजे २२० मिलिलिटर. ५० मिलिलिटरमध्ये चाचणी लांबवली की आम्लाचाच जोर उतरतो आणि आकडे भरवशाचे राहत नाहीत. १ मोलार आम्लासाठी ३७ टक्क्यांचं ८३ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही, आणि मग १ लिटर करा. पट्टी नायलॉनच्या दोऱ्याला लटकवा. तळाला टेकली तर ती बाजू झाकली जाते. सहा तासांनी काढून ब्रशने घासा, धुवा, वाळवून तोला. नुसत्या आम्लात १२० मिलिग्रॅम घटले आणि औषधात १२, तर कार्यक्षमता, म्हणजे वाचलेल्या घटीचं प्रमाण, ९० टक्के. प्रत्येक बीकरसाठी तीन पट्ट्या घ्या.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलाय. कारखान्यात हे चालेल का, ते भरभर सांगतो.

सल्फ्युरिक आम्लाचा हौद ६० ते ८० अंशांवर चालतो. तिथे औषधाची पकड सैल होते, पेनिसिलिन गटाच्या रेणूतलं बीटा-लॅक्टम नावाचं वलय तर तुटतंच. म्हणून बीकरमध्ये ३० अंशांवर मिळालेला आकडा तिथे लावू नका. शिवाय स्केल, म्हणजे पोलादावरचा ऑक्साइडचा थर, निघायलाच हवा. तोही अडकला तर इनहिबिटर कुचकामी.

अँटिबायोटिक मी या कामातून सरळ वगळतो. वापरलेला हौद चुन्याने उदासीन केला तर लोह खाली बसतं, औषध बसेलच असं नाही, आणि नाल्यात गेलेलं अँटिबायोटिक प्रतिरोधी जीवाणू पोसतं.

रुग्णालयातली मुदतबाह्य औषधं २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जातात. ती भंगारवाल्याकडून उचलायची नाहीत. उत्पादकाकडे परत आलेला, एकाच औषधाचा, एकाच बॅचचा साठा रीतसर परवानगीने मिळाला, तरच पुढचं बोलायचं, आणि तेव्हाही प्रत्येक बॅचला हे चार बीकर पुन्हा लावायचे.